एक बार मिथेन आणि चार बारची चूक

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी टेबल आवरत होतो. तेवढ्यात आमचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. गडहिंग्लजकडचा पोरगा, हाताला चलाख. टिन ऑक्साइडच्या फिल्मवर मिथेन ओळखणारा सेन्सर करतोय. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळापासून, बायोगॅस काढायचा तर गळती ओळखायला स्वस्त सेन्सर लागणार, असा एकूण विषय. फिल्म तयार होती. ती तपासायला हवेत मिसळलेला एक टक्का, दोन टक्के मिथेन हवा होता. असं दाखल्यासकट मिळणारं मिश्रण मागवलेलंही होतं. इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, जाऊन सात आठवडे झाले होते, तीन कोटेशनं आली होती, तुलनात्मक तक्ता झाला होता, एक सही राहिली होती.

"सर, आपल्याकडं झिरो एअरचा दहा लिटरचा सिलिंडर पडलाय. त्यात अजून पन्नासेक बार हवा आहे. मिथेन आपल्याकडं आहेच. त्या हवेत एक बार मिथेन सोडला की झालं दोन टक्के. स्फोट व्हायला पाच टक्के लागतोय, आपण त्याच्या निम्म्याच्या पण खाली. रविवारी मामांना बोलावतो आणि करून टाकतो."

बार हे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा; झिरो एअर म्हणजे शुद्ध केलेली कोरडी हवा. मी लगेच नाही म्हणालो नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मला त्याचं म्हणणं पटल्यासारखं झालं होतं. दोन हे पाचापेक्षा लहान आहेत, सात आठवडे मीही वाट बघत होतो, आणि पोरगा काही आळशी नव्हता. "बघू, उद्या बोलू," एवढंच म्हणालो. घरी जाताना सायबर चौकाच्या सिग्नलला थांबलो आणि शूचौचं प्रकरण डोक्यात आलं. पूर्वी वरवर वाचलेलं होतं. त्या रात्री ते वही-पेन घेऊन नीट मांडलं.

शूचौ, ५ एप्रिल २०१५

शूचौ हे चीनच्या जिआंग्सू प्रांतातलं कोळशाच्या पट्ट्यातलं शहर. तिथे चीनचं खाण व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. ५ एप्रिल २०१५ ला रविवार होता, आणि चिनी लोकांचा छिंगमिंगचा सण. पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन ती झाडायची, नैवेद्य ठेवायचा, असा तो दिवस; आपल्या सर्वपित्रीच्या जवळ जाणारा. आपल्याकडे तेव्हा चैत्र पौर्णिमेचे, जोतिबाच्या यात्रेचे दिवस होते. सुट्टी असूनही विद्यापीठाच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातल्या एका प्रयोगशाळेत काम चालू होतं. दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमाराला तिथला मिथेनच्या मिश्रणाचा सिलिंडर फुटला. एक विद्यार्थी गेला, बरोबरचे काही जण जखमी झाले.

खाणीच्या विद्यापीठात मिथेनचा स्फोट व्हावा, याला काय म्हणायचं! कोळशाच्या खाणीतला सगळ्यात जुना वैरी म्हणजे हाच गॅस. हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांसाठी जाळीचा सुरक्षा दिवा केला तो १८१५ मध्ये, म्हणजे बरोबर दोनशे वर्षं आधी. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की भडकतो, हा आकडा त्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असणार. आमच्या पोरालाही होताच की.

चौकशीत थेट कारण निघालं ते असं. प्रयोगाचा गॅस नियम डावलून तयार केलेला होता. सिलिंडरमधलं मिथेनचं प्रमाण स्फोटाच्या मर्यादेत होतं. व्हॉल्व्ह उघडताना गॅस वेगानं बाहेर आला, त्याच्या घर्षणाच्या उष्णतेनं किंवा स्थिर विजेनं आतला गॅस पेटला. मिश्रणाचा धोका कुणी नीट ओळखलाच नव्हता, हेही त्यात आलं.

या सगळ्यात मी 'किंवा' या शब्दाखाली रेघ मारली. घर्षण किंवा स्थिर वीज. नेमकं काय, ते ठरलं नाही, आणि ठरलं असतं तरी फारसं काही बदललं नसतं. मिथेन-हवेचं मिश्रण पेटवायला ०.२८ मिलिज्यूल पुरतात. हिवाळ्यात स्वेटर काढताना बोटाला जो चटका बसतो त्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. ऑक्सिजन वाढला, दाब वाढला की लागणारी ऊर्जा आणखी उतरते. इतकी बारीक ठिणगी कुठूनही येते: व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकलेल्या गंजाच्या कणातून, रेग्युलेटरच्या बंद पोकळीत एकदम दाबल्या गेलेल्या गॅसच्या उष्णतेतून, नायलॉनच्या शर्टातून. आणि आमच्या प्रयोगात तर फिल्मच्या खाली हीटरच होता, तीनशे अंशांवर तापणारा. अपघातानंतर लोक ठिणगी शोधतात, कारण ती गोष्टीतली शेवटची घटना असते. शूचौचा सिलिंडर व्हॉल्व्ह उघडला तेव्हा फुटला. पण ज्या दिवशी कुणीतरी त्यात दोन्ही गॅस एकत्र भरले, त्या दिवसापासून तो फक्त फुटायचा राहिला होता.

घरातल्या गॅसशी ताडून बघितलं की हे लगेच समजतं. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. ऊर्जेच्या हिशेबानं तो आमच्या दहा लिटरच्या बाटलीच्या शेकडो पट. तरी तो आतल्या आत जळू शकत नाही, कारण आत हवाच नाही. गॅस बाहेर पडून खोलीत पसरेपर्यंत आपल्याला वास येतो, खिडकी उघडता येते, रेग्युलेटर बंद करता येतो. जळणारा आणि जाळणारा असे दोघे एकाच लोखंडात कोंडले की हा मधला वेळच संपतो. आणि मिथेनला स्वतःचा वासही नाही.

एक बार कुठे दिसतो?

शनिवारी सकाळी पोराला बोलावलं, मामांनाही थांबायला सांगितलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले परिचर, नोकरीची सव्वीस वर्षं झालेले, बाटलीवर थाप मारून ती भरलेली की रिकामी सांगणारे. शूचौचं लगेच काढलं नाही. ज्या रेग्युलेटरनं तो मिश्रण करणार होता, तो कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

"एक बार दाखव," म्हटलं.

त्याच्यावरच्या दाब दाखवणाऱ्या गेजची तबकडी शून्य ते अडीचशे बारची. दर दहा बारला एक रेघ. पोरानं वाकून बघितलं, ५० आणि ६० च्या मध्ये नख टेकवलं, मग ते थोडं खाली घेतलं, मग काढून घेतलं. काही बोलला नाही. मामा मागून बघत होते.

"सर, ह्यो तर कशाला जोडलेला बी न्हाई. मग सुई शून्याच्या पुढं का बसलीया?"

बरोबर होतं. टेबलावर मोकळा पडलेला रेग्युलेटर, आत दाब काही नाही, आणि सुई तीन-एक बारवर. किती वर्षं तशीच असेल कोण जाणे. आम्ही १५० बारचे सिलिंडर बघतो, त्यात तीन बार कुणाच्या डोळ्यात भरणार?

मग फळ्यावर हिशेब मांडला. अडीचशे बारच्या गेजची चूक पूर्ण पट्टीच्या दीड टक्क्याच्या वर-खाली धरली तरी चार बार होते. पोराला ५० बार हवेत १ बार मिथेन घालायचा होता, म्हणजे ५१ मध्ये १, साधारण २ टक्के. सुई चार बारनं फसली, तर मिथेन ५ बार जाणार. ५५ मध्ये ५ म्हणजे ९.१ टक्के. मिथेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेतला ऑक्सिजन २१ टक्के धरून हे गणित केलं की अगदी पुरेपूर जळणारं, सगळ्यात जोरदार मिश्रण ९.५ टक्क्यांवर येतं. म्हणजे चूक अशी की तिनं बरोबर मधल्या विहिरीतच नेऊन सोडावं.

त्या बाटलीत ५५ बारला असं मिश्रण असेल तर मिथेन साधारण दोन मोल, म्हणजे बत्तीसेक ग्रॅम. जळताना सोळाशे किलोज्यूल. टीएनटी या स्फोटकाच्या हिशेबात पावणेचारशे-चारशे ग्रॅम. ती सगळी ऊर्जा धक्क्यात उतरत नाही, पण मान्य केलं तरी आकडा खोलीएवढा मोठा राहतो. बंद भांड्यात मिथेन-हवा जळली की दाब साधारण आठपट होतो. ५५ चे ४४० बार. १५० बारला भरायची बाटली साधारण २५० बारला तपासलेली असते.

पोरगा म्हणाला, "मग बारीक पट्टीचा गेज लावू सर. दहा बारचा."

प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. पन्नास बारच्या लाइनवर दहा बारचा गेज लावला तर पहिल्यांदा तोच फुटेल. आणि गेज कितीही चांगला असला तरी दोन अडचणी राहतातच. एक, गॅस सोडल्या सोडल्या एकजीव होत नाहीत. मिथेन हवेपेक्षा हलका, अरुंद तोंडातून वरून आत गेलेला. उभ्या सिलिंडरमध्ये तो बराच वेळ वरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या खालीच राहतो. सरासरी दोन टक्के असली तरी तोंडाशी दहा-बारा टक्क्यांचा थर असू शकतो, आणि उष्णता, घर्षण, ठिणगी जे काही व्हायचं ते नेमकं तोंडाशीच होतं. दोन, भरायचा क्रम. आधी मिथेन आणि मग हवा असं कुणी केलं तर शंभर टक्क्यांवरून दोनावर यायला वाटेत पंधरा ते पाच हा टप्पा ओलांडावाच लागतो. पोरगा उलट क्रमानं करणार होता हे त्याच्या बाजूचं. पण पुढच्या वर्षी त्याचं बघून करणारा तसंच करील, याची खात्री कोण देणार?

त्याला ही पद्धत मिळाली कुठून, हेही विचारलं. एका परदेशी शोधनिबंधात एक ओळ होती: मिश्रणं आंशिक दाबाच्या पद्धतीनं तयार केली, म्हणजे एकामागून एक गॅस सोडायचा आणि दाब बघून प्रमाण ठरवायचं. बस. भांडं केवढं, दाब किती, भिंत कसली, माणूस कुठे उभा, यातलं काही नाही. निबंधात कृतीला दोन ओळी मिळतात आणि सुरक्षेला एकही नाही. आम्ही गाईड मंडळीही पोरांना 'मेथड वाच' म्हणून मोकळे होतो.

चाळीस बार आणि पन्नास बार

एक गोष्ट मला शुक्रवारी सुचली नव्हती, पोरालाही नव्हती. ती ओसाकामुळे सुचली. २ ऑक्टोबर १९९१ ला ओसाका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिलेनचा सिलिंडर फुटून दोन विद्यार्थी गेले, पाच जण जखमी झाले. तिथे कुणी मुद्दाम मिश्रण केलंच नव्हतं. सिलेन आणि नायट्रस ऑक्साइड हे दोन वेगळे सिलिंडर एकाच यंत्राला जोडलेले होते. मध्ये गॅस उलटा जाऊ न देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्यातली रबराची रिंग खराब झालेली. तिच्यातून नायट्रस ऑक्साइड उलटा सरकला आणि सिलेनच्या सिलिंडरमध्ये जाऊन बसला. सिलेन हा जळणारा, नायट्रस ऑक्साइड हा जाळणारा. पुन्हा तेच, दोघे एका लोखंडात.

हे वाचून मी शनिवारी आमच्या मिथेनच्या सिलिंडरचा दाब बघायला लावला. चाळीस बार. आणि त्याला ढकलायचं होतं पन्नास बारच्या हवेत! रविवारी पोरानं दोन्ही व्हॉल्व्ह उघडले असते तर मिथेन हवेत गेलाच नसता; हवा मिथेनमध्ये गेली असती. मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता, नळी सरळ होती. सुई नको त्या बाजूला हलली, हे त्याच्या लक्षात आलं असतं. मग तो हुशार असल्यामुळे त्यानं थोडी हवा बाहेर सोडून दाब वीसवर आणला असता आणि पुन्हा नेटानं सुरू केलं असतं. आधीचा हिशेब मोडलेला, आणि बिघडलेल्या मिथेनच्या बाटलीवर 'शुद्ध' अशीच चिठ्ठी. हे मी कल्पनेनं लिहितोय, पण त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातही १६ मार्च २०१६ ला असंच झालं. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड एकाच ४९ लिटरच्या टाकीत मिसळून ठेवले होते. ती फुटून संशोधक बाईंचा हात गेला. टाकीला हात लावताना बारीक झटके बसतात, हे त्याआधी जाणवलेलं होतं.

आमचे मामा हे सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या धाकट्याचं उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान हाय. ऑक्सिजनच्या बाटलीला नुसता तेलकट हात लावला तर वस्ताद कानाखाली वाजवतोय. तितं शाळा कुणी शिकलेली न्हाई." थोडं लागलं मनाला. पण खरं आहे. उद्यमनगरात ऑक्सिजनची काळी बाटली आणि अ‍ॅसिटिलीनची मरून बाटली शेजारी उभ्या असतात, तरी जळणाऱ्या गॅसचे आटे डावे आणि ऑक्सिजनचे उजवे. नटाच्या कोपऱ्यांवर खाचा. अंधारातही चुकीची जोडणी बसत नाही. आमच्या पोरानं मिथेनकडून हवेच्या सिलिंडरकडे जायला पितळी अडॅप्टर शोधून ठेवला होता, एका बाजूला डावा आटा, दुसऱ्या बाजूला उजवा. कुणीतरी कधीतरी तो लेथवर करून घेतलेला, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद नाही. जी जोडणी होऊच नये म्हणून आटे उलटे ठेवले, ती करून देणारा तुकडा आमच्याच ड्रॉवरमध्ये होता. शूचौच्या अहवालातल्या 'नियम डावलून' या शब्दांचा अर्थ मला त्या अडॅप्टरमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसला.

नियम तर आपल्याकडेही आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६. दाबाखालचा गॅस सिलिंडरमध्ये भरायला परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण आम्ही सगळे 'गॅस भरणं' म्हणजे कारखान्यानं भरणं असं समजतो. प्रयोगशाळेत एका बाटलीतून दुसरीत सोडणं हेही भरणंच आहे, असं शुक्रवारी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नियम पाळला नाही म्हणण्यापेक्षा तो आपल्याला लागू आहे हेच दिसलं नाही.

आणि रविवार का? कारण जीसी, म्हणजे गॅसचं मिश्रण तपासायचं यंत्र, मोकळा, कुणी विचारणारं नाही, आणि सोमवारी गाईडला आकडे दाखवता येतात. त्यातला गाईड मीच. सात आठवडे अडलेली सही माझी नव्हती, पण 'रिझल्ट कधी?' हा प्रश्न दर सोमवारी मीच विचारत होतो.

वीस मिलीची सिरिंज

काम तर करायचंच होतं. शनिवारी दुपारी ते दुसऱ्या पद्धतीनं लावलं. एक लिटरची काचेची बरणी, तोंडाला नुसतं टेकवलेलं रबरी बूच, वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम कपाटात, पुढे अ‍ॅक्रिलिकचा पडदा. मिथेन आधी एका सॅम्पलिंग बॅगेत घ्यायचा, दाब वातावरणाचाच. तिथून सिरिंजनं वीस मिली ओढून बरणीत सोडायचा. झाले दोन टक्के. सिरिंज मुद्दाम वीसचीच घेतली. पन्नासची कपाटात होती, तिला कुलूप लावलं. वीसच्या सिरिंजमध्ये चुकून पंचवीस मावत नाहीत.

"आणि दोनदा मारलं तर?" मामा.

"चार टक्के. अजून पाचाच्या खालीच."

"आणि तीनदा?"

"तीनदा मारणाऱ्याला सांगा, आधी मला फोन कर."

समजा मारलंच, आणि मिश्रण अगदी साडेनऊवर गेलं, तरी एक लिटरमधली ऊर्जा तीन किलोज्यूल. बूच छताला लागेल. सोळाशेशी त्याची तुलना नको. पोरगा नाराज होता, कारण बरणीतलं मिश्रण दर वाचनाला नव्यानं करावं लागतं आणि एका दिवसात आठ-दहाच वाचनं होतात. सिलिंडर असता तर शंभर झाली असती. त्याची नाराजी खोटी नव्हती. कायमचा उपाय म्हणजे मास फ्लो कंट्रोलर: दोन गॅस वेगवेगळ्या नळ्यांनी येतात, वापराच्या जागीच मिसळतात, लगेच बाहेर जातात, साठा कुठेच होत नाही. त्याचा इंडेंट सोमवारी टाकला. त्यालाही तीन कोटेशनं लागतात.

अडॅप्टर मामांनी व्हाइसमध्ये धरून करवतीनं मधोमध कापला. दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर आहेत, एक डाव्या आट्याचा, एक उजव्या. सुई तीनवर बसलेला रेग्युलेटर लाल टॅग लावून कपाटात टाकला.

एक टक्क्याचं दाखल्याचं मिश्रण नंतर पंधरवड्यानं आलं. पोरानं दाखला वाचला, बाटलीच्या खांद्यावरची चाचणीची तारीख वाचली, मग व्हॉल्व्ह उघडला: पाव फेरा, थांबला, पुन्हा पाव फेरा, साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवून. झिरो एअरची ती दहा लिटरची बाटली मात्र अजून व्हरांड्यात साखळीनं बांधून उभी आहे. पुरवठादाराची गाडी दोनदा येऊन गेली. गेट पासवर सही राहिलीय.